काचेवरचं गाणं: टच-स्क्रीनच्या खेळांतून संगीत करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आमचा रविवारचा एक छोटा वर्ग चालतो. मुलं, आणि त्यांना सोडायला येऊन तिथेच रमलेली मोठी माणसं, टॅबलेटवरच्या खेळांतून गाणी करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. हे गेम आहेत की वाद्यं? माझी मुलगी पियानो टाइल्स खेळते, तेच का हे?

ते नव्हे. पियानो टाइल्ससारख्या खेळात गाणं आधीच ठरलेलं असतं. काळी पट्टी वेळेवर दाबली की पुढचा स्वर वाजतो, हुकली की खेळ खलास. लय पकडायला त्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण कोणीही खेळलं तरी गाणं तेच निघतं.

आम्ही वापरतो ते खेळ दुसऱ्या जातीचे. त्यांत गुण नाहीत, हरणं नाही. बोट कुठे आणि कधी ठेवलं यावर गाणं ठरतं. ओळखायची खूण सोपी आहे. दोन मुलांना एकच खेळ द्या आणि पाच मिनिटांनी कान द्या. दोघांचं वेगळं ऐकू आलं तर तो संगीत करण्याचा खेळ.

ही जात तशी जुनी आहे. जपानी कलाकार तोशियो इवाई यांनी १९८७ मध्ये ‘ओटोकी’ नावाचा खेळ केला, त्यात गोळी झाडली की स्वर वाजायचा. २००५ मध्ये त्यांचाच ‘इलेक्ट्रोप्लँक्टन’ निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या खेळयंत्रावर आला. पडद्यावर दहा प्रकारचे जलजीव, त्यांना काडीने छेडलं की संगीत. जिंकणं नाही, शेवट नाही. डीएसचा पडदा एका वेळी एकच स्पर्श ओळखायचा. अनेक बोटं एकदम ओळखणारे फोन २००७ नंतर पसरले आणि २००८ मध्येच ब्रायन ईनो व पीटर चिल्व्हर्स यांचं ‘ब्लूम’ आणि फुंकर मारून वाजवायचं ‘ओकारिना’ आलं.

२. पैसे न घालवता सुरुवात कुठून करू?

‘क्रोम म्युझिक लॅब’पासून. ब्राउझरमध्ये उघडतं, नाव-गाव विचारत नाही, जाहिराती नाहीत. लहान मुलाला आधी त्यातलं ‘कँडिन्स्की’ द्या: रेघ मारली की रेघ वाजते, गोल काढला की त्याला तोंड फुटतं आणि तो गातो. जरा मोठ्यांना ‘साँग मेकर’. त्यात चौकोनांची जाळी असते, चौकोन रंगवला की स्वर.

घरातल्या संकोची माणसासाठी गूगलचं ‘ब्लॉब ऑपेरा’. चार रंगीत गोळे, वर ओढला की सूर चढतो, पुढे-मागे ओढला की आकार-ओकार बदलतो, आणि बाकीचे तिघे आपणहून साथ धरतात. आमच्याकडे सगळ्यात मोठ्याने हसणारी मंडळी यावर असतात, आणि ती बहुतेक वेळा साठीच्या पुढची असतात.

आयपॅड असेल तर ‘गॅरेजबँड’ मोफत आहे, पण पहिल्या दिवशी ते उघडू नका. पर्याय इतके की मूल नुसती चित्रं बदलत बसतं. ताल-सुरांचे तयार तुकडे जोडायचं ‘इन्क्रेडिबॉक्स’ चांगलं आहे, मात्र त्याचं पूर्ण अ‍ॅप विकतचं आहे.

३. मला सारेगमसुद्धा येत नाही. तरी जे वाजवतो ते गोड कसं लागतं?

कारण खेळाने तुमच्यासाठी दोन गोष्टी आधीच ठरवून टाकलेल्या असतात.

पहिली म्हणजे स्वर. असे बरेचसे खेळ पाचच स्वर देतात: सा रे ग प ध. म्हणजे भूप रागाचे. शुद्ध सप्तकात ग-म आणि नी-सा या दोन जोड्या अगदी खेटून असतात, शिवाय म आणि नी एकत्र वाजले की कानाला टोचतात. म आणि नी काढून टाकले की टोचणारं काही उरतच नाही. उरलेल्या पाचांपैकी कोणतेही दोन, तीन, पाचही एकदम दाबा, भांडण होत नाही.

दुसरी म्हणजे वेळ. तुमचं बोट जरा आधी किंवा नंतर पडलं तरी खेळ तो स्वर जवळच्या मात्रेवर सरकवतो. याला ‘क्वांटाइझ’ म्हणतात. ‘साँग मेकर’मध्ये तर मुळात दोन चौकोनांच्या मध्ये जागाच नाही.

ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधी मांडलेले असतात, रेघा आपल्या. इथेही तसंच आहे. फक्त हे ठिपके दिसत नाहीत, आणि ते कोणी मांडले हे मुलाला कधीतरी दाखवायला हवं. ते कसं, यासाठी प्रश्न १३ पाहा.

४. मग हार्मोनियमचा क्लास बंद करून हेच चालू ठेवलं तर?

नका करू. गळा, बोटांची तयारी, ऐकलेला सूर पकडणं, यातलं काहीही काच शिकवत नाही. ती शिकवते ते वेगळंच: ओळ पुन्हा कधी आणायची, कुठे थांबायचं, एकावर एक किती थर चढवले की गोंगाट होतो. आपल्याकडच्या क्लासमध्ये मूल पहिली काही वर्षं दुसऱ्याने बांधलेलंच वाजवतं. स्वतः काही बांधायची पाळी फार उशिरा येते, आणि बऱ्याच जणांची येतच नाही. ती या खेळात पहिल्याच दिवशी येते.

‘जाळीत गाणं मावत नाही’ असा आक्षेप काही शिक्षक घेतात. खरं आहे, मावत नाही. पंचवटीत आश्रम काढून राहिलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वरलिपीतली पुस्तकं छापली. त्या लिपीतही गाणं सगळं मावत नव्हतं. तरी तिच्यामुळे कितीतरी घरांत पेटी उघडली गेली.

५. यासाठी कोणता टॅब घ्यावा? एम. जी. रोडवर दुकानदार महागातला दाखवतोय.

महिनाभर घरातल्या फोनवर खेळा, मग ठरवा. घ्यायचाच असेल तर दुकानात तीन गोष्टी तपासा. दहाही बोटं एकदम टेकवून सगळी ओळखली जातात का? हेडफोनची गोल पिन बसते का? (ती का हवी, ते प्रश्न ६ मध्ये.) आणि कुठलंही पियानो अ‍ॅप उघडून पटापट टकटक केल्यावर आवाज बोटासोबत येतो का? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

६. बोट लावतो आणि आवाज मागून येतो. फोन बिघडलाय का?

बहुतेक वेळा दोष ब्लूटूथचा असतो. बिनतारी इअरफोनमध्ये आवाज बांधून पाठवणं, तिकडे सोडवणं, यात सहज २०० मिलिसेकंद जातात. सिनेमा बघताना फोन चित्रही तेवढंच मागे ठेवतो म्हणून ते कळत नाही. वाजवताना मात्र तुमचं बोट मागे ठेवता येत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्या हिशेबाने २०० मिलिसेकंद म्हणजे स्वतःचा ढोल जवळजवळ सत्तर मीटर लांबून ऐकण्यासारखं आहे. त्याच्यावर ताल धरून दाखवा!

वायरचा हेडफोन लावा किंवा फोनचाच स्पीकर वापरा. तरीही उशीर होत असेल तर बॅटरी सेव्हर बंद करा, मागे उघडी असलेली अ‍ॅप बंद करा. स्वस्त अँड्रॉइड फोनवर थोडा उशीर उरतोच. तिथे बोटाने थेट वाजवायचे खेळ सोडून जाळीचे खेळ घ्या. चौकोन आधी भरायचे आणि मग ऐकायचे असल्यामुळे उशिराने काही बिघडत नाही.

७. दोन-तीन मुलं एकाच टॅबवर बसतात आणि मध्येच स्क्रीनशॉट पडतो किंवा अ‍ॅपच बदलतं. का?

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. आयपॅडवर चार-पाच बोटं सरकवली की दुसरं अ‍ॅप समोर येतं. तीन मुलांची बोटं टॅबला एकाच माणसाची वाटतात, त्याचा इलाज नाही. सेटिंगमध्ये जाऊन बोटांचे हे इशारे (जेश्चर) बंद करा. शिवाय अँड्रॉइडवर ‘स्क्रीन पिनिंग’ आणि आयपॅडवर ‘गायडेड अ‍ॅक्सेस’ चालू केलं की मूल त्या खेळाच्या बाहेर पडू शकत नाही.

भांडणं हा वेगळा विषय. आमचा नियम: एकाने फक्त खालचे स्वर, दुसऱ्याने फक्त वरचे, तिसऱ्याने फक्त थांबायचं कधी ते सांगायचं. तिसऱ्या जागेसाठी सगळ्यात जास्त मारामारी होते.

८. दिवसात किती वेळ द्यावा? आणि हेडफोन चालेल का?

जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस अशी: दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर बरं. संगीताचा खेळ आहे म्हणून त्यात सवलत नाही.

कानांसाठी त्याच संघटनेची मर्यादा मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांना तेवढ्याच वेळाला ७५ डेसिबल. आवाज जेवढा वाढेल तेवढा सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो. शेजारी बसून तुम्ही साध्या आवाजात हाक मारली आणि मुलाने वर पाहिलं नाही, तर आवाज कमी करा.

मोफत अ‍ॅपमध्ये जाहिराती येत असतील तर इंटरनेट बंद करून खेळायला द्या, बरीचशी चालतात. मायक्रोफोनची परवानगी मागितली तर आधी कारण पाहा. ‘ओकारिना’ला फुंकर ऐकायला माइक लागतो, रेकॉर्ड करणाऱ्या अ‍ॅपलाही लागतो. नुसत्या टाइल्स दाबायच्या खेळाला कशाला हवाय?

९. यावर नाशिक ढोल वाजवता येईल का?

हा प्रश्न श्रावण लागला की रोज येतो. तयार अ‍ॅपमधले ‘इंडियन ड्रम’ म्हणून मिळणारे आवाज ऐकून पथकातला माणूस मान हलवतो, आणि त्याचं बरोबर असतं. म्हणून आवाज आपलाच घ्या.

त्यासाठी सॅम्पलर प्रकारचं अ‍ॅप लागतं, म्हणजे माइकवर आवाज टिपायचा आणि पडद्यावरच्या एकेका चौकोनावर बसवायचा. गणेशोत्सवाआधी पथकांचे सराव चालू असतात तेव्हा आधी पथकप्रमुखांना विचारा. मग सगळे एकदम वाजवताना टिपू नका. तेव्हा फोनचा माइक ओरडतो आणि फाटका आवाज येतो. सराव थांबल्यावर एका वादकाला एकेक ठोका सुटा वाजवायला सांगा: टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) एक, हाताच्या थापेचा एक, मग ताशाच्या काड्यांचा एक ठोका आणि एक तर्री (सलग झरझर ठोके). फोन चार-पाच पावलं लांब धरा. प्रत्येक ठोका हलका आणि जोरात असा दोनदा घ्या, नाहीतर वाजवताना सगळं एकाच वजनाचं, यंत्रासारखं होतं.

फोनच्या स्पीकरवर ढोलाचा घुमारा ऐकू येणार नाही, कारण एवढासा स्पीकर खालचे सूर वाजवूच शकत नाही. रेकॉर्डिंग खराब झालं असं समजून पुसून टाकण्याआधी हेडफोनवर ऐका.

आणि हो, मिरवणुकीत फोनवरचा ढोल मोठ्या स्पीकरला जोडण्याचा बेत असेल, तर त्यात आमची मदत मिळणार नाही.

१०. हे सगळे खेळ चारच्या हिशेबात चालतात. केरवा ठीक, पण रूपक किंवा झपताल कसा बसवायचा?

‘साँग मेकर’च्या सेटिंगमध्ये एका बारमध्ये किती ठोके आणि एका ठोक्याचे किती भाग, हे दोन्ही बदलता येतं.

केरव्याला काही बदलू नका. चार ठोके, प्रत्येकी दोन भाग, म्हणजे आठ चौकोन, एक आवर्तन. तळाला तालाच्या दोन ओळी असतात. ‘धा गे ना ती न क धी न’ यातल्या घुमणाऱ्या अक्षरांना, म्हणजे १, २ आणि ७ ला, जड ठोका द्या. बाकीच्यांना हलका.

झपताल दहा मात्रांचा, तो पाच-पाचच्या दोन बारमध्ये मांडा.

रूपकाला सात ठोके. इथे गंमत आहे. ‘ती ती ना, धी ना, धी ना’ यात सम (पहिली मात्रा) हीच खाली, म्हणजे घुमारा नसलेली. पहिल्या मात्रेवर जड ठोका ठेवलात तर सात मात्रा भरतील, रूपक होणार नाही. जड ठोका ४ आणि ६ वर. जवळजवळ सगळे परदेशी खेळ पहिल्या ठोक्यावर वजन टाकायला शिकवतात, त्यामुळे मुलांचा हात आपोआप तिकडे जातो.

११. राग बसवता येतो का? नुसता भूपच किती वेळ वाजवायचा?

पाच स्वरांच्या जाळीत भूपाखेरीज आणखी चार राग दडलेले आहेत. जाळी तीच ठेवा, फक्त कोणत्या स्वराला ‘सा’ मानायचं ते बदला. रे ला सा धरा, मधमाद सारंगाचे स्वर मिळतात. ग ला धरा, मालकंस. प ला धरा, दुर्गा. ध ला धरा, धानी. गाणारी मंडळी याला मूर्च्छना म्हणतात. फोनवर ही करायची युक्ती अशी: तंबोऱ्याचं अ‍ॅप दुसऱ्या फोनवर नव्या ‘सा’ला लावून ठेवा. त्याच चौकोनांचा रंग तिथल्या तिथे बदललेला ऐकू येतो. वर्गात हा प्रयोग झाला की क्षणभर कोणी काही बोलत नाही, मग सगळे एकदम बोलतात.

यमनासाठी तीव्र मध्यम लागतो, म्हणून ‘साँग मेकर’च्या सेटिंगमध्ये ‘क्रोमॅटिक’ निवडा. बारा स्वर मिळतील, नको ते सोडायची जबाबदारी तुमची.

आता अडचणी. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, पण भूपात वजन गंधारावर आणि देसकारात धैवतावर. जाळीला हे कळत नाही, तुम्हाला ठेवावं लागतं. दुसरं म्हणजे हे सगळे खेळ बारा समान भागांचं सप्तक वापरतात, त्यामुळे त्यांचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंटने चढा असतो. (अर्ध्या सुराचे १०० सेंट.) पेटीचंही तेच दुखणं आहे, तेव्हा फार नाकं मुरडू नयेत. तिसरं, चौकोनाच्या जाळीत मींड नाही. मींड हवी असेल तर बोट सरकवल्यावर सूर सरकणारं वाद्य घ्या. आयपॅडवरच्या ‘जिओश्रेड’वर कर्नाटक संगीत वाजवणारे कलाकार आहेत. काचेला सतारीसारखे पडदे नसतात, हा तिचा खरा फायदा, आणि बहुतेक खेळ तोच वापरत नाहीत.

१२. घरच्या पेटीबरोबर वाजवलं की बेसूर लागतं. पट्टी कशी जुळवू?

‘साँग मेकर’च्या सेटिंगमधल्या ‘स्टार्ट ऑन’मध्ये सी म्हणजे पांढरी एक, सी शार्प म्हणजे काळी एक, जी शार्प म्हणजे काळी चार. एवढं करूनही खटकत असेल तर पेटी उतरली किंवा चढली आहे. जुन्या पेट्या अ‍ॅपसारख्या ४४० हर्ट्‌झच्या प्रमाण सुराला लावलेल्या असतीलच असं नाही. ज्या अ‍ॅपमध्ये बारीक सूर जुळवायची सोय आहे तेच तिच्याबरोबर घ्या, ‘साँग मेकर’ नको.

१३. आठवडाभर वेड्यासारखा खेळला, आता हातही लावत नाही. पैसे देऊन दुसरं अ‍ॅप घेऊ का?

घेऊ नका. कंटाळा आला कारण काहीही केलं तरी छानच वाजतं, हे त्याच्या लक्षात आलं. हे चांगलं लक्षण आहे. आता प्रश्न ३ मधले आधार एकेक करून काढा.

आधी पाचाऐवजी सात स्वर द्या आणि ‘न आवडणारा आवाज शोध’ म्हणून सांगा. तो म आणि नी वर जाऊन पोचतोच. मग तोच टोचणारा स्वर एकदा तरी वापरून गाणं गोड करायला सांगा. याला बराच वेळ लागतो आणि इथे पहिल्यांदा मूल स्वतःहून गप्प बसून ऐकतं. त्यानंतर ज्या अ‍ॅपमध्ये क्वांटाइझ बंद करता येतं त्यात ते बंद करा. चौथी पायरी उलटी: बारा स्वर, पण फक्त तीनच वापरायची परवानगी.

१४. केलेलं गाणं आजीला कसं पाठवू?

‘साँग मेकर’मध्ये सेव्ह केलं की दुवा मिळतो, शिवाय वेव्ह आणि मिडी फाइल उतरवता येते. वेव्ह म्हणजे आवाज, मिडी म्हणजे कोणता स्वर कधी याची यादी. पुढे दुसऱ्या वाद्याच्या आवाजात ऐकायचं असेल तर मिडी ठेवा. ज्या खेळात जतन करायची सोयच नाही (‘इलेक्ट्रोप्लँक्टन’मध्ये नव्हती) तिथे फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग वापरा, त्यात ‘आतला आवाज’ निवडा, नाहीतर कुकरची शिट्टीही येते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा.

१५. यूट्यूबवर टाकलं तर कॉपीराइटची भानगड होईल का?

चाल तुमची असेल तर चाल तुमचीच. आवाज मात्र अ‍ॅपचे आहेत, म्हणून कमाईसाठी वापरण्याआधी त्यांच्या अटी वाचा. ‘इन्क्रेडिबॉक्स’सारख्या खेळात ताल-सुरांचे तुकडेच दुसऱ्याने रचलेले असतात, तिथे हे जास्त महत्त्वाचं.

सिनेमाच्या गाण्याची धून चौकोनांत बसवली, तर रेकॉर्डिंग तुमचं असलं तरी धून संगीतकाराची राहते. भारतातल्या १९५७ च्या कायद्याने ती संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असते. अभंगांचा घोटाळा नेहमी होतो: तुकोबांचे शब्द सर्वांचे, पण आपण ऐकत आलेली चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असू शकते. ढोलाचे ठोके पथकाकडून घेतले असतील तर त्यांचं नाव खाली लिहा. कायदा काही म्हणो, पुढच्या वर्षी त्यांच्याकडेच जायचंय.

१६. वडिलांच्या बोटांना स्क्रीन ओळखत नाही. आणि दृष्टी नसलेल्या मुलाला हे खेळता येईल का?

वयाने कोरडी पडलेली बोटं काच नीट ओळखत नाही, त्यात नाशिकची थंडी आणि वर जाड टेम्पर्ड ग्लास. बोट किंचित ओलसर करा, ग्लास काढून पाहा, सेटिंगमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ असेल तर वाढवा. हात थरथरत असेल तर आयपॅडच्या ‘टच अ‍ॅकॉमोडेशन्स’मध्ये लागोपाठचे नकोसे स्पर्श वगळता येतात.

दृष्टिहीन मुलांची अडचण वेगळी. पडदा बोलून दाखवणारी सोय (अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोन-आयपॅडवर व्हॉइसओव्हर) चालू असताना पहिला स्पर्श नाव वाचून दाखवतो, वाजवत नाही. आयफोन-आयपॅडवर काही अ‍ॅपसाठी ‘डायरेक्ट टच’ चालू करता येतं, मग स्पर्श थेट वाद्यापर्यंत जातो. अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरून टॉकबॅक तेवढ्यापुरतं बंद करा. जाळीचे खेळ सोडा आणि पूर्ण पडदा हेच वाद्य असणारे खेळ निवडा. काचेच्या कडेला चिकटपट्टीचे तुकडे लावले की बोटाला ठिकाण सापडतं.

१७. जुन्या फोनवरचा आवडता खेळ नव्या फोनवर सापडतच नाही. कुठे गेला?

बहुधा कायमचा गेला. फोनची प्रणाली बदलते आणि लहान कंपन्यांना दर वेळी खेळ नव्याने बांधणं परवडत नाही. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हा जुनी ३२-बिट अ‍ॅप एका फटक्यात बंद पडली, त्यांत असे कितीतरी खेळ होते. जुना फोन चालत असेल तर त्याला अपडेट करू नका, विकू नका, बॅटरी फुगलेली नाही ना तेवढं बघत राहा. त्यातली गाणी मात्र आजच प्रश्न १४ मधल्या पद्धतीने बाहेर काढून ठेवा.